पंतप्रधान व्हायला २५ वर्षं पुरतात, मग राष्ट्रपती व्हायला ३५ का लागतात?

समजा २५ वर्षांची एखादी मुलगी लोकसभेवर निवडून आली आणि बहुमत असलेल्या पक्षाने तिला आपला नेता निवडलं. ती त्याच आठवड्यात देशाची पंतप्रधान होऊ शकते. अर्थसंकल्प, परराष्ट्र धोरण, मंत्र्यांची निवड, सगळं तिच्या हातात. पण तिला राष्ट्रपती व्हायचं असेल तर? आणखी १० वर्षं थांबावं लागेल.

आता गंमत बघा. सगळी सत्ता ज्याच्या हातात असते त्या पदाला अट कमी आणि ज्याला उठसूट "रबर स्टॅम्प" म्हटलं जातं त्या पदाला अट जास्त. राष्ट्रपतीपदाची निवडणूक जवळ आली की सोशल मीडियावर दरवेळी हाच प्रश्न फिरतो. त्यात मग आणखी दोन प्रश्नांची भर पडते. शिपायाच्या नोकरीला शिक्षणाची अट असते, मग राष्ट्रपतीला का नाही? आणि अमेरिकेसारखी "जन्माने नागरिक" ही अट आपल्याकडे का नाही?

यातल्या शेवटच्या प्रश्नावरून महाराष्ट्रात एक अख्खा राजकीय पक्ष जन्माला आला होता. ते पुढे येईलच. आधी नियम बघू.

राज्यघटनेचं कलम ५८ अगदी छोटं आहे. राष्ट्रपती व्हायचं तर माणूस भारताचा नागरिक हवा, वयाची ३५ वर्षं पूर्ण हवीत, लोकसभेवर निवडून येण्यासाठी तो पात्र हवा आणि सरकारच्या हाताखालचं लाभाचं पद त्याच्याकडे नको. बस्स. धर्म, जात, लिंग, भाषा, पदवी, मालमत्ता यांचा उल्लेखही नाही.

वयाचं बघायचं तर घटनेत एक चढण आहे. लोकसभा आणि विधानसभेला २५, राज्यसभा आणि विधान परिषदेला ३०, राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि राज्यपालांना ३५. वरवर पाहता पद जितकं मानाचं तितकं वय जास्त, असं वाटतं. पण पंतप्रधान या चढणीत कुठे बसतात? कुठेच नाही. त्यांना खासदारकीची अट तेवढी लागू होते.

याचं उत्तर पद किती मोठं यात नाही. माणूस चुकीचा निघाला तर त्याला घालवता येतं किती सहज, यात ते सापडतं.

पंतप्रधान रोज लोकसभेच्या जिवावर उभा असतो. १७ एप्रिल १९९९ ला अटलबिहारी वाजपेयींचं सरकार २६९ विरुद्ध २७० अशा एका मताने पडलं. एक मत फिरलं आणि देशाच्या पंतप्रधानाला जावं लागलं. राष्ट्रपतीचं तसं नाही. तो एकदा निवडून आला की ५ वर्षं तिथे आहे. त्याला काढायचा एकच रस्ता, तो म्हणजे महाभियोग, आणि तोसुद्धा फक्त घटनाभंगाच्या आरोपावरून. त्यासाठी सभागृहातल्या एक चतुर्थांश सदस्यांच्या सह्या, १४ दिवसांची आगाऊ नोटीस, मग एका सभागृहात एकूण सदस्यसंख्येच्या दोन तृतीयांश मतं, मग दुसऱ्या सभागृहात चौकशी आणि तिथेही पुन्हा दोन तृतीयांश मतं. आजपर्यंत भारतात एकाही राष्ट्रपतीवर महाभियोग पूर्ण झालेला नाही.

त्यात राष्ट्रपतीला थेट जनता निवडत नाही. खासदार आणि आमदार निवडतात. म्हणजे लोकांनी निवडलं नाही, लोकांना घालवताही येत नाही. अशा पदावर माणूस बसवण्याआधीच दारात चाळणी लावून घ्यायची, हा त्यामागचा हिशेब. अमेरिकेतही तेच. तिथला अध्यक्ष ४ वर्षं सहजासहजी हलवता येत नाही, म्हणून तिथेही किमान वय ३५ आहे. जर्मनीच्या अध्यक्षाला ४० लागतात, इटलीच्या अध्यक्षाला चक्क ५०.

"पण राष्ट्रपती करतो काय?" हा प्रश्न उरतोच. रोजच्या कारभारात तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वागतो हे खरं. पण निकाल त्रिशंकू लागला की आधी कुणाला बोलवायचं हे ठरवताना त्याला सल्ला देणारं नवं मंत्रिमंडळच नसतं. १९९६ ला शंकर दयाळ शर्मांनी वाजपेयींना बोलावलं आणि १३ दिवसांचं सरकार आलं. १९८६ ला संसदेने टपाल खात्याला लोकांची पत्रं उघडण्याचा अधिकार देणारं विधेयक मंजूर केलं, तर झैलसिंग त्यावर सही न करता बसून राहिले. ते विधेयक कायदा झालंच नाही. फाशीच्या कैद्याचा दयेचा अर्जही शेवटी याच टेबलावर येतो.

एक मात्र मान्य करायला हवं. चाळणीतून माणूस पात्र आहे एवढंच कळतं, तो ऐनवेळी काय करेल हे कळत नाही. २५ जून १९७५ च्या रात्री फक्रुद्दीन अली अहमद यांनी आणीबाणीच्या आदेशावर सही केली तेव्हा ते कलम ५८ च्या प्रत्येक अटीत बसत होते.

लाभाच्या पदाचं झेंगट

चार अटींमध्ये सगळ्यात कंटाळवाणी वाटणारी, पण कोर्टात गाजलेली अट म्हणजे लाभाचं पद. कल्पना साधी आहे. सरकारच्या विधेयकांवर सही करणारा माणूस त्याच सरकारकडून पगार किंवा फायदे देणारं दुसरं पद सांभाळत असेल, तर तो सरकारला नाही म्हणेल का? खासदारांनाही अशीच अट आहे. २००६ ला जया बच्चन यांची राज्यसभेची खासदारकी याच कारणाने गेली होती, त्या उत्तर प्रदेशच्या चित्रपट विकास परिषदेच्या अध्यक्ष होत्या.

२०१२ च्या राष्ट्रपती निवडणुकीत प्रणव मुखर्जींविरुद्ध पी. ए. संगमा उभे होते. संगमांचं म्हणणं होतं की, मुखर्जी कोलकात्याच्या इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूटचे अध्यक्ष आहेत, ते लाभाचं पद आहे, त्यामुळे त्यांचा अर्जच बाद करा. मुखर्जींच्या बाजूने उत्तर आलं की राजीनामा आधीच दिलाय. अर्ज मंजूर झाला, मुखर्जी जिंकले. संगमा सर्वोच्च न्यायालयात गेले. राष्ट्रपतीच्या निवडणुकीचा वाद थेट तिथेच जातो, मधलं कुठलंही कोर्ट नाही. डिसेंबर २०१२ मध्ये ५ न्यायमूर्तींनी निकाल दिला आणि तो ३ विरुद्ध २ असा फुटला. संगमांची याचिका सुरुवातीच्या टप्प्यावरच फेटाळली गेली, पण दोन न्यायमूर्तींचं मत होतं की प्रकरणाची पूर्ण सुनावणी व्हायला हवी. राष्ट्रपती भवनात राहायला गेलेल्या माणसाची पात्रता पाच महिन्यांनी अशी एका न्यायमूर्तीच्या फरकाने सुटली.

तिथेच एक मंत्रीपदाची मेख आहे. केंद्रात किंवा राज्यात मंत्री असणं, राज्यपाल असणं, उपराष्ट्रपती असणं हे घटनेनेच लाभाच्या पदातून वगळलंय. म्हणजे कुठल्याशा सरकारी संस्थेचा अध्यक्ष अडचणीत येऊ शकतो, पण देशाचा अर्थमंत्री खुशाल अर्ज भरू शकतो. अनेकांना हे पटत नाही, आणि त्यांचं म्हणणं अगदीच चुकीचं आहे असंही नाही.

त्याआधीचा एक किस्सा तर मराठी माणसाचाच आहे. 'फिल्मइंडिया' या मासिकाचे गाजलेले संपादक बाबुराव पटेल १९६७ ला खासदार झाले होते. त्याच वर्षी झाकीर हुसेन राष्ट्रपती झाले. पटेलांनी त्यांच्या निवडीलाच सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं. मुद्दा कायद्याचा होता. लोकसभेच्या उमेदवाराला अर्ज भरताना शपथ घ्यावी लागते आणि राष्ट्रपती तर "लोकसभेसाठी पात्र" हवा, मग झाकीर हुसेन यांनी ती शपथ का घेतली नाही? १९६८ ला न्यायालयाने हा मुद्दा फेटाळला. ती शपथ राष्ट्रपतीच्या उमेदवाराला लागू नाही, असा निकाल झाला. मुद्दा हरला, पण घटनेतल्या एका शब्दाला किती फांद्या फुटू शकतात ते त्यातून दिसलं.

शंभर सह्या कुठून आल्या?

पुढची अट घटनेत शोधाल तर सापडणार नाही. ती कायद्यातून आली, आणि वैतागातून आली.

सुरुवातीला राष्ट्रपतीपदाचा अर्ज भरायला एक सूचक आणि एक अनुमोदक पुरत होता. त्यामुळे कुणीही हौसेने उभं राहायचं. १९६७ च्या निवडणुकीत १७ उमेदवार होते. त्यातल्या ९ जणांना शून्य मतं पडली. शून्य! म्हणजे ज्यांनी सूचक-अनुमोदक म्हणून सह्या केल्या त्यांचीही मतं त्यांच्या खात्यात दिसली नाहीत. १९६९ ला पुन्हा १५ उमेदवार. (त्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्या झुंजीत तिसऱ्या क्रमांकावर होते रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख, म्हणजे सगळेच किरकोळ उमेदवार हौशी नव्हते.)

मग १९७४ ला कायदा बदलला. १० सूचक, १० अनुमोदक आणि २,५०० रुपये अनामत. त्यावर्षी रिंगणात दोनच उमेदवार उरले. पुढे १९९७ ला ५० सूचक, ५० अनुमोदक आणि १५,००० रुपये अनामत असा नियम झाला, तो आजही तसाच आहे. हे सगळे खासदार किंवा आमदारच असावे लागतात.

हौशी उमेदवार गेले, हे चांगलंच. पण त्याबरोबर एखाद्या मोठ्या पक्षाच्या पाठिंब्याशिवाय उभं राहणंही जवळपास संपलं. घटना म्हणते ३५ वर्षांचा कुणीही पात्र नागरिक, कायदा म्हणतो आधी १०० आमदार-खासदार घेऊन या. खरी चाळणी आता ही आहे.

पदवीची अट का नाही?

ही खंत खुद्द राजेंद्र प्रसादांची होती. २६ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेच्या समारोपाच्या भाषणात त्यांनी दोन गोष्टींबद्दल खेद व्यक्त केला. त्यातली एक हीच. कायदा राबवणाऱ्यांकडून आपण मोठी पात्रता मागतो आणि कायदा करणाऱ्यांकडून मात्र काहीच नाही, हे त्यांना विसंगत वाटत होतं. ते बोलत होते आमदार-खासदारांबद्दल. दोनच महिन्यांनी ते देशाचे पहिले राष्ट्रपती झाले.

पण त्या काळात देशातले बहुसंख्य लोक निरक्षर होते. ज्याला मत द्यायचा अधिकार दिला त्यालाच उभं राहायला बंदी कशी करणार? आणि पदवीने नेमकं काय सिद्ध होतं? राधाकृष्णन तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, कलाम शास्त्रज्ञ. झैलसिंग यांचं औपचारिक शालेय शिक्षण मात्र बेताचंच होतं, आणि वर सांगितलेलं ते टपाल विधेयक रोखून धरणारे राष्ट्रपती झैलसिंगच.

शेजारी पाकिस्तानात परवेझ मुशर्रफ यांनी २००२ ला संसदेच्या उमेदवारांना पदवीची अट घातली होती. त्यातून अनेक जुने नेते बाहेर फेकले गेले, मदरशांच्या पदव्या चालवून घेतल्या गेल्या आणि बनावट पदव्यांची प्रकरणं कितीतरी वर्षं गाजत राहिली. २००८ ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अट रद्द केली. पाकिस्तानच्या राष्ट्राध्यक्षाला मात्र आणखी एक अट आहे, जी भारताने कधीच घातली नाही. तो मुस्लिमच असावा लागतो.

आता जन्माचा प्रश्न

अमेरिकेत अध्यक्ष व्हायला जन्माने नागरिक असावं लागतं. ही अट आली भीतीतून. १७८७ मध्ये तिथे घटना लिहिली जात असताना देश नवा, कमजोर आणि युरोपच्या राजघराण्यांच्या नजरेत होता. इंग्लंडच्या राजाच्या मुलाला बोलावून अमेरिकेच्या गादीवर बसवणार, अशा अफवा तेव्हा उठल्या होत्या. पोलंडमध्ये परकीय सत्तांनी आपल्या सोयीचा राजा निवडून आणला आणि पुढे त्या देशाचे लचके तोडले, हेही ताजंच होतं. त्या वर्षी जुलैमध्ये जॉन जे यांनी जॉर्ज वॉशिंग्टन यांना पत्र लिहून सुचवलं की सैन्याचं सरसेनापतीपद जन्माने नागरिक असलेल्याशिवाय कुणाला देऊ नये. पुढे ते कलम घटनेत आलं.

भीती गेली, अट राहिली. ऑस्ट्रियात जन्मलेले आर्नोल्ड श्वार्झनेगर कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होऊ शकले, पण अध्यक्षपदाला उभं राहू शकत नाहीत. बराक ओबामांना तर २०११ मध्ये व्हाइट हाउसमध्ये बसून स्वतःचा सविस्तर जन्मदाखला जाहीर करावा लागला.

भारतात हा प्रश्न पेटला मे १९९९ मध्ये. वाजपेयी सरकार नुकतंच एका मताने पडलं होतं, निवडणुका तोंडावर होत्या आणि काँग्रेसच्या अध्यक्ष होत्या सोनिया गांधी. त्यांचा जन्म इटलीतला, भारतीय नागरिकत्व १९८३ चं. १५ मे रोजी शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी त्यांना पत्र लिहिलं. मागणी अशी की राष्ट्रपती, उपराष्ट्रपती आणि पंतप्रधान ही पदं फक्त जन्माने भारतीय असणाऱ्यांनाच मिळतील, अशी घटनादुरुस्ती व्हावी. पाच दिवसांत तिघांनाही पक्षातून काढण्यात आलं. १० जून १९९९ ला राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष स्थापन झाला. आणि ऑक्टोबरमध्ये? विधानसभा निवडणुकीनंतर हाच पक्ष काँग्रेसबरोबर महाराष्ट्राच्या सत्तेत बसला. जन्माच्या मुद्द्याचा तापमान किती दिवस टिकतं, ते मतमोजणीवर ठरलं म्हणायचं.

ती घटनादुरुस्ती आजवर झालेली नाही. राजकारण बाजूला ठेवलं तरी तिच्यात एक खरी अडचण आहे. "भारतात जन्मलेला" म्हणजे कुठल्या भारतात?

मौलाना अबुल कलाम आझाद यांचा जन्म मक्केचा. देशाचे पहिले शिक्षणमंत्री ते. फाळणीनंतर लाहोर, कराची, ढाक्यात जन्मलेली लाखो माणसं इकडे आली. मनमोहन सिंग यांचं जन्मगाव आज पाकिस्तानात आहे, लालकृष्ण अडवाणींचं कराचीही. आणि आपल्या शेजारचा गोवा बघा. १९ डिसेंबर १९६१ पर्यंत तिथे पोर्तुगीज राज्य होतं. १९५५ ला म्हापशात जन्मलेले मनोहर पर्रीकर जन्माच्या दिवशी भारताच्या ताब्यातल्या भूमीवर नव्हते. गोवेकरांना भारताचं नागरिकत्व मिळालं ते १९६२ च्या एका सरकारी आदेशाने. पर्रीकर पुढे देशाचे संरक्षणमंत्री झाले. जन्माची अट घालायची तर या सगळ्यांसाठी अपवाद लिहावे लागले असते. शब्दांची कसरत करून ते जमलंही असतं, अमेरिकेने पहिल्या पिढीसाठी तशी सूट ठेवलीच होती. पण मग प्रत्येक गोवेकराला, प्रत्येक निर्वासिताला "मी अपवादात बसतो" हे सिद्ध करत बसावं लागलं असतं. घटनेने "नागरिक" हा एकच शब्द वापरला आणि हा गुंता टाळला.

गुंता झाला की काय होतं, ते आफ्रिकेतल्या झांबियाला विचारा. केनेथ कौंडा यांनी तो देश स्वतंत्र केला आणि १९६४ पासून २७ वर्षं त्याचं अध्यक्षपद सांभाळलं. १९९१ ला ते हरले. पुन्हा उभं राहायची तयारी सुरू केल्यावर नव्या सरकारने १९९६ ला घटना बदलली. अध्यक्षाच्या उमेदवाराचे आई-वडील दोघंही झांबियाचेच असले पाहिजेत! कौंडांचा जन्म झांबियातला, पण आई-वडील आजच्या मलावीतून आलेले. झालं, उमेदवारी संपली. १९९९ मध्ये तर एका न्यायालयाने या राष्ट्रपित्याला कुठल्याच देशाचा नागरिक नाही असं ठरवलं. पुढच्या वर्षी त्यांचं नागरिकत्व परत मिळालं.

म्यानमारच्या लष्कराने २००८ च्या घटनेत लिहिलं की अध्यक्षाचा जोडीदार किंवा मुलं परदेशी नागरिक नसावीत. आंग सान स्यू ची यांचे पती ब्रिटिश होते आणि दोन्ही मुलंही ब्रिटिश नागरिक. कलमात नाव नव्हतं, पण मोजमाप त्यांचंच होतं. २०१५ ला त्यांचा पक्ष प्रचंड बहुमताने जिंकला तरी त्या अध्यक्ष होऊ शकल्या नाहीत. त्यांच्यासाठी "स्टेट कौन्सेलर" असं नवंच पद तयार करावं लागलं. कलम बदलायचं तर ७५ टक्क्यांहून जास्त मतं हवीत आणि संसदेतल्या २५ टक्के जागा लष्कराच्या. म्हणजे किल्ली लष्कराच्याच खिशात. फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सरकारच उलथवलं.

कौंडा आणि स्यू ची यांच्याकडे पाहिलं की वय आणि जन्म या दोन अटींतला फरक कळतो. ३५ वर्षं आज ना उद्या प्रत्येकाची पूर्ण होतात. आई-वडील आणि जन्मगाव कुणालाच बदलता येत नाही, म्हणून नको असलेला माणूस बाहेर ठेवायला ती अट फार सोयीची पडते.

सिंगापूरने आणखी वेगळी चाळणी लावली. तिथल्या राष्ट्राध्यक्षाकडे सरकारी गंगाजळीची दुसरी किल्ली असते, म्हणून खासगी क्षेत्रातून यायचं तर किमान ५० कोटी सिंगापूर डॉलरचं भागभांडवल असलेली कंपनी चालवल्याचा अनुभव हवा. २०१७ ला या अटींत एकच उमेदवार बसली, हलिमा याकूब. मतदान झालंच नाही.

भारतात पुढची राष्ट्रपती निवडणूक २०२७ ला होईल. द्रौपदी मुर्मू २०२२ ला शपथ घेताना ६४ वर्षांच्या होत्या आणि आजवरच्या सगळ्यात तरुण राष्ट्रपती त्याच. ३५ च्या जवळपासचं अजून कुणी तिथे पोहोचलेलं नाही. तुमचं वय बसत असेल तर मतदार यादीतल्या तुमच्या नावाची प्रमाणित प्रत, १५,००० रुपये आणि १०० आमदार-खासदारांच्या सह्या घेऊन दिल्लीत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याकडे अर्ज भरता येतो. एक सहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त मतं पडली नाहीत, तर अनामत जप्त.